डाव्या खिशातला दाणा

यादोराव माठातलं पाणी पिऊन वळला, तर एकसष्ट नंबरचा खिळा रिकामा. आत्ता, पाणी प्यायला जाण्याआधी, त्या खिळ्यावर पितळेचा बिल्ला लोंबत होता. अख्ख्या फळीवर एकटाच होता, म्हणून तर नजरेत भरला होता. भरला होता, की कालचाच डोळ्यांपुढे आला? पेला अजून त्याच्या हातात होता. तो माठावर उपडा घालायचा असतो हे त्याला ठाऊक होतं, पण त्याआधी काहीतरी करायचं होतं आणि ते काय, ते पार पुसलं गेलं होतं. कोपऱ्यात तेजराम पाठमोरा बसून दिव्यांच्या बॅटऱ्यांत पाणी भरत होता. मघाशीही तो पाठमोराच होता. फक्त मघाशी त्याचं स्टूल भिंतीला टेकलेलं होतं आणि आता वीतभर पुढे सरकलेलं दिसत होतं.

"तेजराम, उठला होता का गा?"

"मी? नाही बा. काहून?"

"काही नाही."

काही नाही म्हणायची त्याला आताशा सवयच लागली होती. काहीतरी आहे म्हटलं, की लोक मान एका बाजूला कलवून, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायला लागतात, आणि तेवढ्यावरून यादोरावचं टाळकं सरकायचं.

नाकाडोंगरीच्या बाजूला जंगलाच्या कडेनं ती मँगनीजची खाण होती आणि खाणीच्या तोंडाशी पत्र्याची ही खोली, तिला सगळे बत्तीघर म्हणत. खाली उतरणाऱ्यानं आपला नंबराचा बिल्ला इथे द्यायचा आणि टोपीचा दिवा घ्यायचा. वर आला की दिवा द्यायचा, बिल्ला घ्यायचा आणि घरी जायचं. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे, इतका सरळ हिशेब. दिव्यांवरून काही कळत नसे. अर्धे दिवे नादुरुस्त, उरलेल्यांतला जो हाती येईल तो जो तो नेई, आणि साहेब लोक तर बिल्ला न देताच नेत. भरवसा काय तो फळीचा. चारला दिवसपाळी सुटायची, आणि पावणेपाचला रिकाम्या खाणीत सुरुंगाचे बार उडवायचे. त्याआधी सुरुंगवाला तुलाराम बत्तीघरात येऊन उभा राहायचा, आणि यादोरावनं फळीकडे पाहून चिठ्ठीवर लिहायचं, 'खाण रिकामी', आणि खाली सही करायची. भिंतीवरच्या घड्याळात चार वीस झाले होते. फळी स्वच्छ होती. त्र्याहत्तर खिळे, एकावरही बिल्ला नाही. आज सही करायला काहीच हरकत नव्हती, आणि नेमकी म्हणूनच मनात पाल चुकचुकली.

सकाळपासूनच दिवस वाकडा चालला होता. अंगणात बसून त्यानं उजव्या गालाची दाढी केली, मग आरशावर पाण्याचा थेंब पडला म्हणून फडकं आणायला उठला, आत गेला तर चुलीवर चहा उतू चालला होता, तो उतरवायला सांडशी शोधू लागला, सांडशी मिळेना, आणि पुढचं आठवत होतं ते एकदम सायकलवर, खाणीच्या वाटेवर, डाव्या गालावर वाळलेला साबण घेऊन. सांडशी कुणीतरी लपवली होती. रोज लपवतं. चष्मा ठेवावा कोनाड्यात, तर निघतो तांदळाच्या कोठीवर. सायकलची किल्ली खुंटीची उशीखाली जाते. मनकर्णाला विचारलं, तर ती म्हणायची, "तुमीच ठेवता जी, न् मग मले बोलता." बायको खोटं बोलते असं त्याला वाटत नव्हतं. खरं बोलते असंही वाटत नव्हतं. एकदा तो मुद्दाम झोपेचं सोंग घेऊन पडला, डोळे किलकिले ठेवून. ती हळूच आली, त्यानं अर्धा विणून टाकलेला खाटेचा सुंभ तिनं उचलला, आणि आवाज न करता उरलेला अर्धा विणून काढला. उठल्यावर म्हणाली, बरं झालं बापा, खाट झाली तुमची. पण या घरात आपल्या पाठीमागे काहीतरी चालतं, हे त्या दिवशी पक्कं झालं.

पूर्वी तो असा नव्हता हो. पूर्वी अख्ख्या खाणीत यादोरावसारखा टापटिपीचा माणूस नव्हता. अकरा वर्षं तो सुरुंगवाला होता, आणि त्या कामात आधीचं आधी, नंतरचं नंतर. भोक साफ करा, काडतूस सरकवा, माती ठासा, वात कापा, लाल झेंडी लावा, माणसं हटवा, पेटवा, आडोशाला जा, मोजा. हात आपोआप चालायचे आणि डोकं मोकळं असायचं, धानाच्या बांधीत पाणी किती असेल, तलावातून आपली पाळी कधी येईल, असल्या विचारांना. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात एके दुपारी त्यानं सात भोकं भरली. पेटवून आडोशाला आला, मोजलं. सात झाले. शेजारी कवडू होता, त्याच्याच गावचा, त्याच्याच बरोबर तलावात पोहायला शिकलेला. कवडूनं विचारलं, "झाले का गा सारे?" यादोराव म्हणाला, "झाले. जा." कवडू आत गेला, आणि मग आणखी एक उडाला.

चौकशी झाली. नागपूरहून साहेब आले, दोन दिवस राहिले. खाणीच्या तोंडाशी तेव्हा झेंडी धरून तेजराम उभा होता. त्यानंही साक्ष दिली, सात मोजले. मग आठवा कुठला? कागदावर लिहिलं गेलं, की आधीच्या पाळीचा एखादा न उडालेला बार राहून गेला असावा, कुणाचाही दोष नाही. कुणी यादोरावला शिवी दिली नाही. कवडूची बायको आनंदाबाई सुद्धा काही बोलली नाही. उलट हिवाळ्यात लाखोळीची भाजी झाली की वाटीभर पाठवायची. का पाठवते? ज्या माणसानं जा म्हटलं आणि आपला नवरा गेला, त्याला कुणी भाजी पाठवतं का? यादोराव ती वाटी समोर घेऊन बसायचा, हुंगायचा, आणि घास तोंडात फिरत राहायचा. गावात तो दिसला की चावडीवरचं बोलणं अर्ध्या क्षणासाठी थांबायचं आणि मग जरा मोठ्यानं सुरू व्हायचं, पावसापाण्याचं. एवढी सारी माणसं एवढी चांगली कशी? त्यापेक्षा एखाद्यानं गचांडी धरली असती तर तो सुखानं झोपला असता.

तेव्हापासून कान वाजायचे. भांड्यावरचं झाकण पडलं तरी तो डोक्यावर हात घेऊन खाली बसायचा, मग लाजून उठायचा, आणि हातातलं काम हातातच राहायचं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं पापणी ओढून पाहिली, झोप लागते का विचारलं आणि तांबडं टॉनिक लिहून दिलं. सुरुंगाचं काम सुटलं आणि कंपनीनं माया करून बत्तीघर दिलं, बसून करायचं, सोपं. सोपं म्हणे. कानां-डोळ्यांवरचा विश्वास उडालेल्या माणसाला नेमकं मोजायचं काम दिलं. दिवा घ्यायचा, पुसून जागेवर ठेवायचा, बिल्ला काढायचा, नंबर बघायचा, द्यायचा. पाच गोष्टी, आणि त्यात कुणी मध्येच विचारलं, "यादोरावजी, किती वाजले?" की तिसरी कुठली आणि चौथी कुठली. गेल्या पोळ्याच्या सुमारास सत्तावीस नंबरचा बिल्ला खिळ्यावर उरला. त्यानं भोंगा वाजवला. कामगारांच्या चाळीतून बाया पिठाच्या हातांनी धावत आल्या, एक तर पायरीवर पडून दात पाडून बसली. आणि सत्तावीस नंबरवाला आपल्या घरी पाटावर बसून भात जेवत होता. यादोराव त्याला बिल्ला द्यायचाच विसरला होता. पाळीवर देखरेख करणारे ओव्हरमॅन साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर घरी बसा. त्या दिवसापासून एकदाही झालं नव्हतं. रोज फळी लख्ख. मनकर्णाला तो छाती काढून सांगायचा, पाहा, एक बिल्ला चुकत नाही माझा. ती म्हणायची, "चांगलं हाये नं मग," आणि चुलीकडे बघायची.

पण न चुकणं आपल्या हातून होतंय, हे त्याचं त्यालाच पटेना. घरी सांडशी हरवणारा माणूस इथे त्र्याहत्तर बिल्ल्यांत चुकत नाही? कोण हात लावतं फळीला? तेजरामच. त्याच्या जावयाला ही जागा हवी असेल. एखाद दिवशी खेळी करून तो आपल्याला तोंडावर पाडणार, म्हणून सध्या अंदाज घेतोय. तेव्हा यादोरावनं दहा दिवसांमागे कुणाला न सांगता दुसरं मोजमाप सुरू केलं. घरून कागदाच्या पुडीत धानाचे दाणे आणायचे. माणूस खाली गेला की पुडीतला एक दाणा डाव्या खिशात. वर आला की डाव्यातला एक उजव्यात. खिशात कोण हात घालतो? पण खिसाही बेइमान निघाला. दहांतले सात दिवस डावा खिसा रिकामा, दोनदा दोन-दोन दाणे उरलेले, आणि एकदा शिवणीला भोक. मनकर्णा धुताना म्हणाली, "खिशात धान कायले ठेवता जी? कोंबड्या मांगं लागतीन तुमच्या."

आता त्यानं पेला एकदाचा माठावर उपडा घातला आणि डाव्या खिशात बोटं सारली. तळाशी शिवणीत एक दाणा होता. तो चिमटीत धरून उभा राहिला. एकसष्ट म्हणजे सुखराम, वॅगनी भरणारा, तोंडाळ. रोज दिवा टेबलावर ठेवताना म्हणणार, "आलो बरं का यादोरावजी, मोजून घ्या." चेष्टाच ती, पण त्यात विष नव्हतं. आज म्हणाला का तो? यादोरावनं डोळे मिटले आणि सुखराम आत आला, टोपी काढली, म्हणाला, आलो बरं का. पण त्याच्या पाठीमागे दारात ऊन होतं. आज तर दुपारपासून आभाळ धरलं होतं. मग ते कालचं ऊन. की परवाचं. आणि आजचं हे आभाळ तरी कधीपासूनचं? गळ्याशी बारुदाचा तो जुना कडू वास आला.

"चिठ्ठी द्या जी," म्हणत तुलाराम दारात उभा राहिला. एकेकाळी तो यादोरावच्या हाताखाली माती ठासायचा. आता सुरुंगाची पेटी त्याच्या खांद्यावर. पाऊस येईल या घाईत होता. "आज पाच बार आहेत. बाजाराचा दिवस आहे भाऊ, लवकर उरकू."

यादोरावनं चिठ्ठी पुढे ओढली. 'खाण' एवढं लिहिलं. मग पेन थांबलं.

"तेजराम, तुझा खिसा दाखव."

तेजराम उठला तेव्हा त्याचे गुडघे वाजले. पन्नाशीचा माणूस, पोरासारखा खिशावर हात धरून उभा राहिला. "काहून बा असं करतेस," तो म्हणाला, पण ते विचारणं नव्हतं. मग त्यानं खिशातून बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला. एकसष्ट.

म्हणजे पाहिला होता. डोळे खरे होते. यादोरावला आधी राग आलाच नाही, आधी इतकं हलकं वाटलं की टेबलाची कड धरावी लागली. मग राग आला.

"माह्या फळीले हात लावतेस तू?"

"लावतो," तेजराम म्हणाला. "पोळ्यापासून लावून राहिलो. तू बिल्ला द्याले विसरतेस. उरला की मी भाहेर जाऊन सायकली पाहातो. ज्याची सायकल नाही तो घरी गेला. मग बिल्ला काढून ठेवतो न् सकाळी त्याले देतो. सारे जाणतात. कोणी साहेबापाशी बोलत नाही. सुखरामाची सायकल नाही आज, मी पाहून आलो. गेला तो घरी. कर सही."

"किती खेपा झालं असं?"

"हप्त्यातून दोन-तीनदा."

यादोरावनं हातातल्या दाण्याकडे पाहिलं. दोन-तीनदा. म्हणजे ती लख्ख फळी, ती छाती काढून सांगितलेली फुशारकी, सगळी या माणसाच्या खिशातली. त्याला वाटलं आता इथेच खाली बसावं आणि उठूच नये. तुलाराम घड्याळ बघत म्हणाला, "भाऊ, सायकल नाही म्हणते नं तो. विसरले असान बिल्ला द्याले."

"विसरलो असन."

"मग?"

"मले नक्की नाही सांगता येत. म्हणूनच सही नाही करत." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण हे वाक्य त्याच्या तोंडून दोन वर्षांत निघालं नव्हतं, आणि त्या उन्हाळ्यातल्या दुपारी तर निघालंच नव्हतं. तेव्हा कवडूनं विचारलं तर तो झाले म्हणाला होता, गडबडीत, पक्कं. "खाली जाऊन पाहा, तुलाराम. तो घरी जेवत असन तर उद्या मी घरी बसतो. भोंगा नाही वाजवत. तू न् तेजराम जा."

तुलाराम कुरकुरला, पण पेटी खाली ठेवून बिल्ला पुढे केला. जुन्या उस्तादाबद्दल एवढा मान त्याच्या मनात होता. यादोरावनं बिल्ला घेतला, खिळ्यावर अडकवला, दिवा दिला, एक दाणा डाव्या खिशात. तेजरामचा बिल्ला घेतला, अडकवला, दिवा दिला, दाणा. मग एकसष्ट नंबरचा त्याच्या जागी टांगला आणि हातातला दाणा परत डाव्या खिशात टाकला. आता फळीवर तीन बिल्ले होते आणि खिशात तीन दाणे. बाहेर पावसाचे चार थेंब पडून थांबले. तो फळीकडे बघत बसला, पाणी प्यायलासुद्धा वळला नाही. पाच वाजले, सव्वापाच वाजले. सुखराम आत्ता घरी भाताचा गोळा कालवत असेल, असं एकदा त्याला स्पष्ट दिसलं, अगदी ताटातल्या वाटीसकट. दुसऱ्यांदा दिसलं ते दुसरं काहीतरी, आणि त्यानं दोन्ही कान दाबून धरले.

साडेपाचच्या सुमारास पावलं वाजली. दोघांच्या मध्ये तिसरा होता, ओढत आणलेला. सुखरामला जेवणानंतर हीव भरलं होतं. जुन्या बोगद्याच्या वळणावर जरा पडतो म्हणून पडला, आणि तापात तसाच राहिला. बार लावले होते तिथून चाळीस पावलांवर. सायकल दुपारीच त्याचा साळा बाजारासाठी घेऊन गेला होता. सुखरामचे दात वाजत होते, डोळे तांबडे, काय चाललंय त्याला काही कळत नव्हतं. तरी टेबलापाशी येताच त्यानं सवयीनं टोपीचा दिवा काढायला हात नेला. यादोरावनं तो काढून घेतला, पुसला, ठेवला, बिल्ला काढला, नंबर पाहिला आणि त्याच्या मुठीत कोंबला. तीन दिवे, तीन बिल्ले. तीन दाणे उजव्या खिशात.

सुखरामला बैलगाडीत घालून दवाखान्याकडे नेलं. मग यादोरावनं चिठ्ठी पुरी केली, 'रिकामी', आणि सही केली. तुलाराम ती घेऊन गेला. बार उडायच्या वेळी यादोराव एरवी बत्तीघराचं दार लावून कानांत बोटं घालायचा. आज तो बाहेर ओट्यावर बसला, तेजरामही येऊन जरा अंतर ठेवून बसला. पायाखालची जमीन हलली. एक. यादोरावनं दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली. दोन, तीन. चार. मग बराच वेळ काही नाही, आणि मग पाच.

"किती?" यादोरावनं विचारलं.

"पाच."

"मीही पाचच मोजले." डोंगरीच्या बाजूनं आवाज परतून आला, पहिल्याहून मऊ. त्याच्याकडे कान देऊन तो बसून राहिला. मग तेजरामकडे न बघता म्हणाला, "आता एक खरं सांग. माह्या फळीवरचं जे तू नीट करून ठेवतेस, ते पोळ्यापासून, की त्याच्याही आधीपासून?"

तेजराम पायातल्या वहाणेचा अंगठा चाचपत राहिला.

"कवडू गेला त्या दिवशी," यादोराव म्हणाला, "तू झेंडी घेऊन तोंडाशी होतास. तू किती मोजले?"

"कागदावर लिहिलं आहे नं, सात."

"कागदाचं नाही विचारत."

जंगलातल्या मोहाच्या झाडांवर बगळे उतरत होते. तेजराम म्हणाला, "सहा." आणि मग, "सातवा तो डोंगरीवरून परत आलेला आवाज होता. तू तोही मोजला. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात तू त्याले जा म्हटलं."

यादोराव उठला. सायकलला किल्ली लावली. ती खिशातच होती. वाटभर तो रडला, पण पॅडल चुकलं नाही. घरी मनकर्णा चुलीपाशी होती. त्यानं हातपाय धुतले, कोनाड्यातला आरसा घेतला, दिव्याशी बसला आणि सकाळी राहिलेली डाव्या गालाची दाढी पुरी केली, कानापासून हनुवटीपर्यंत, सगळी. पातं धुतलं, फडक्यानं पुसलं, डबीत ठेवलं. मग म्हणाला, "मनकर्णे, सहाच होते."

तिच्या हातातली पळी पातेल्यात तशीच थांबली. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं, मग पदर डोळ्यांना लावला आणि उठून त्याच्यापाशी येऊन बसली. सहा काय, असं तिनं विचारलं नाही.